इंकांच्या दगडी वाटेने माचू पिचूकडे

पेरू देशातल्या माचू पिचू या जुन्या इंका नगराला जाणारे बहुतेक प्रवासी ओल्यांताय्तांबोहून आगगाडीने आग्वास कालियेंतेस या गावी उतरतात आणि तेथून बसने घाटातली वळणे चढून प्रवेशद्वारापाशी पोहोचतात. दुसरी वाट पायी जाण्याची आहे. ती उरुबांबा नदीच्या काठी सुरू होते, 4,215 मीटर उंचीची खिंड ओलांडते, ढगांनी भिजलेल्या जंगलातून जाते आणि सुमारे 43 किलोमीटरनंतर माचू पिचूच्या वरच्या अंगाला असलेल्या सूर्यद्वारात पोहोचते. स्पॅनिशांपूर्वी अँडीज पर्वतात राज्य करणाऱ्या इंकांनी ही वाट पंधराव्या शतकात बांधली. आज तिचा बराच भाग दुरुस्त केलेला असला, तरी कित्येक ठिकाणी पाय पडतो तो त्यांनीच बसवलेल्या दगडावर. प्रसिद्ध अवशेषांकडे नेणारा रस्ता एवढीच तिची ओळख सांगितली जाते. ती चालून आल्यावर माझे मत असे झाले आहे की वाट आणि शेवटचे नगर हे एकच बांधकाम आहे, आणि त्यातले फक्त टोक पाहून परतणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते.

या वाटेने स्वतंत्रपणे जाता येत नाही. पेरू सरकारने दिवसाला 500 जणांची मर्यादा घातली असून तीत वाटाडे आणि पोर्टरही मोजले जातात. त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाशांच्या वाट्याला साधारण 200 जागा येतात. परवाना मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच निघतो, त्यावर पारपत्राचा क्रमांक असतो आणि तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मे ते ऑगस्ट या कोरड्या महिन्यांच्या जागा कित्येक महिने आधी संपतात. फेब्रुवारीत, पावसाचा जोर असताना, वाट पूर्ण बंद ठेवून तिची डागडुजी केली जाते. ही बंधने कोणाला जाचक वाटतील. मला ती अत्यावश्यक वाटतात, कारण दगडी पायऱ्यांची झीज आणि तळांवरची घाण या दोन्ही गोष्टी माणसांच्या संख्येबरोबरच वाढत जातात.

आम्ही मे महिन्याच्या अखेरीस निघालो. त्याआधी सुमारे 3,400 मीटर उंचीवरच्या कुस्कोत राहून शरीराला विरळ हवेची सवय करून घेतली होती. या उंचीवर होणाऱ्या त्रासाला तिकडे ‘सोरोचे’ म्हणतात. डोके जड होते, झोप तुटते, भूक मरते. त्यावर घाई न करणे, भरपूर पाणी पिणे आणि पहिले दोन-तीन दिवस सपाटीवर फिरणे याला पर्याय नाही. ज्यापासून कोकेन काढतात त्या कोकाच्या पानांचा काढा तेथे घरोघरी, हॉटेलांत सगळीकडे मिळतो आणि तो पिणे पूर्णपणे कायदेशीर आहे.

पहिला दिवस: पिस्काकुचो ते वाय्याबांबा

रेल्वेमार्गाच्या 82व्या किलोमीटरवरचे पिस्काकुचो हे प्रस्थानाचे ठिकाण. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 2,700 मीटर आहे, म्हणजे कुस्कोहून आपण बरेच खाली आलेले असतो. येथे चौकीवर पारपत्र तपासले जाते आणि पोर्टरांच्या पाठीवरचे ओझे काट्यावर तोलले जाते. एका पोर्टरने 20 किलोपेक्षा अधिक वजन वाहू नये असा नियम आहे. या शतकाच्या आरंभी पोर्टरांसाठी कायदा झाला, त्याआधी याच पाठींवर याहून कितीतरी जास्त ओझी लादली जात. तंबू, गॅस, भांडी, सर्वांचे अन्न, हे सारे घेऊन ही क्वेचुआ ही स्थानिक भाषा बोलणारी मंडळी आपल्याआधी निघतात, वाटेत आपल्याला गाठतात, पुढे जातात आणि आपण पोहोचण्यापूर्वी तळ उभारून ठेवतात. संस्था निवडताना पोर्टरांना मजुरी किती मिळते, त्यांना झोपण्याची आणि जेवणाची सोय कशी दिली जाते, हे विचारून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. किंमत कमी दिसते तेव्हा ती बहुधा त्यांच्याच वाट्यातून कमी झालेली असते.

पूल ओलांडला की वाट नदीच्या डाव्या अंगाने हलक्या चढउतारांनी जाते. निवडुंग, घायपात, मधूनच निलगिरीचे उंच झाड, पलीकडच्या काठावर रूळ आणि वर बर्फाचे एखादे शिखर असा हा कोरडा मुलूख आहे. दुपारच्या सुमारास वाट एका उंचवट्यावर येते आणि खाली कुसिचाका ओढ्याच्या संगमाजवळ पातायाक्ता दिसते. डोंगराच्या पायथ्याशी नदीच्या वळणाबरोबर वळत गेलेल्या शेतीच्या पायऱ्या आणि त्यांच्या वरच्या बाजूला घरांच्या बिनछपराच्या भिंती, असे हे गाव आहे. येथे मुख्यतः मका पिकत असे आणि त्यातून आसपासच्या ठाण्यांना धान्य पुरवले जाई असे अभ्यासक मानतात. 1536 साली मांको इंका या इंका सम्राटाने स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला आणि पुढे माघार घेताना शत्रूला पाठलाग करता येऊ नये म्हणून ही वस्ती जाळली, असेही सांगितले जाते. वाटेचा माग असा तुटला असेल, तर पुढचे सारे का वाचले याचे एक कारण येथेच मिळते. स्पॅनिशांनी माचू पिचूत वस्ती किंवा तोडफोड केल्याची खूण सापडत नाही.

पातायाक्तापाशी आमचा मुक्काम जेमतेम अर्ध्या तासाचा होता, पण शेतीच्या या पायऱ्या कशा बांधल्या जात हे आमच्या वाटाड्याने तेथेच नीट समजावून दिले आणि पुढच्या साऱ्या वाटेवर ते उपयोगी पडले. दगडी भिंतीच्या आड सर्वांत खाली मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू आणि सर्वांत वर सुपीक माती, अशी भर घातलेली असे. पाणी वरून मुरते, थरांतून खाली झिरपते आणि भिंतीवर दाब न आणता निघून जाते. भिंतीचे दगड दिवसा ऊन साठवतात आणि रात्री ऊब सोडतात, त्यामुळे पिकाला गारठ्याचा फटका कमी बसतो. शेत, पाण्याचा निचरा आणि उतार अडवून धरणारी भिंत ही तिन्ही कामे एकाच रचनेतून होतात.

संध्याकाळी वाय्याबांबाला पोहोचलो. सुमारे 3,000 मीटर उंचीवरचे हे वाटेवरचे शेवटचे गाव. येथून पुढे खेचरांना परवानगी नाही.

दुसरा दिवस: वार्मीवान्युस्काची खिंड

या दिवसाचे काम एकाच वाक्यात सांगता येते: बाराशे मीटर चढायचे आणि सहाशे मीटर उतरायचे. अवघड भाग चढाचा नसून हवेचा आहे. 4,200 मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जेमतेम साठ टक्के असतो, आणि ज्या पायऱ्या खाली असताना सहज चढल्या असत्या त्या येथे दहा-दहाच्या हप्त्यांनी चढाव्या लागतात.

गाव सुटल्यावर वाट ओढ्याकाठच्या दाट झाडीत शिरते. या झाडीत क्वेन्युआ नावाचे झाड आहे, ज्याची तांबूस साल पातळ पापुद्र्यांनी सुटत असते. इतक्या उंचीवर तगणारी झाडे जगात फार थोडी आहेत आणि इंधनासाठी तोड झाल्यामुळे अँडीजमध्ये त्यांची वने आता तुटक तुकड्यांत उरली आहेत. झाडी संपते तेथे युयुचापांपाचे कुरण लागते. उंची 3,800 मीटरच्या आसपास. तेथून खिंड समोर दिसते, आणि दिसत राहते. वाटेवर पुढे गेलेली माणसे ठिपक्यांसारखी हलताना दिसतात, पण ते ठिपके मोठे होत नाहीत. इचू गवताचे झुबके, वारा, आणि आपल्याच श्वासाचा आवाज याखेरीज या दोन तासांत लक्षात राहण्याजोगे काही नाही.

खिंडीत थांबून मागे पाहिले तेव्हा जो प्रश्न मनात आला तो पुढे तळावर वाटाड्याशी बोलताना अधिक स्पष्ट झाला. उरुबांबाचे पात्र खाली सरळ माचू पिचूच्या पायथ्याशी जाते. काठाने वाट काढणे अवघड असले तरी अशक्य नव्हते, आणि ती जवळचीही पडली असती. मग एवढी उंच खिंड ओलांडणारी, इतक्या श्रमाने फरसबंद केलेली ही वाट कशासाठी? संशोधक योहान राइनहार्ड यांनी या प्रदेशातल्या पूज्य पर्वतांचा अभ्यास करून असे मांडले की माचू पिचूची जागा आणि तिच्याकडे येणारे मार्ग पर्वतांशी असलेल्या नात्यातून ठरले असावेत. त्या नगराच्या बरोबर दक्षिणेला सालकांताय आहे, 6,271 मीटर उंचीचे हिमशिखर. अँडीजमधील लोक अशा शिखरांना ‘अपू’ म्हणतात आणि आजही त्यांना नैवेद्य दाखवतात. खिंडीवर एका पोर्टरने तीन निवडक कोकाची पाने बोटांत धरून शिखरांच्या दिशेने फुंकर घातली आणि ती दगडाखाली ठेवली. त्यानंतर त्याने ओझे उचलले आणि तो उतरू लागला. राइनहार्ड यांचे म्हणणे मला पटते, आणि ते पटण्यासाठी ही चढण पायांनी अनुभवावी लागली.

पलीकडचा उतार दगडी पायऱ्यांचा आहे आणि गुडघ्यांची परीक्षा पाहणारा आहे. पाकायमायोच्या तळावर, सुमारे 3,600 मीटरवर, रात्री पाणी गोठण्याच्या बेताला आले होते.

तिसरा दिवस: दगड आणि पाणी

ज्यांना ही वाट का चालावी असा प्रश्न पडतो त्यांनी हा दिवस डोळ्यांसमोर ठेवावा. अंतर सर्वांत लांब आहे, पण वाटेचा मूळ भागही येथेच अधिक टिकला आहे आणि एकामागून एक वस्त्या लागतात.

सकाळच्या चढणीवर अर्ध्या वाटेत रुंकुराकाय लागते. अर्धवर्तुळाकार भिंतींची ही छोटी वास्तू दरीच्या काठावर उभी आहे आणि तिच्या दारातून मागची संपूर्ण खिंड नजरेत येते. प्रवाशांसाठी विसावा आणि वाटेवर नजर ठेवण्याची जागा असा तिचा दुहेरी उपयोग असावा. इंकांच्या साम्राज्यात अशा विसाव्याच्या ठिकाणांची साखळीच होती. त्यांच्या रस्त्यांचे जाळे, कापाक न्यान, तीस हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे होते आणि ते आजच्या कोलंबियापासून चिली व अर्जेंटिनापर्यंत पसरले होते. त्यावर ‘चास्की’ नावाचे धावपटू टप्प्याटप्प्याने निरोप पोहोचवत. चाकाची गाडी नव्हती, घोडा नव्हता. ओझे वाहणारा प्राणी म्हणजे लामा, आणि लामाला पायऱ्यांची अडचण होत नाही. म्हणून या रस्त्यांनी डोंगराला वळसे घालत बसण्याऐवजी सरळ पायऱ्या चढवल्या आहेत.

दुसरी खिंड चार हजार मीटरच्या जवळपास आहे. ती उतरताच हवा बदलते. अमेझॉनच्या बाजूने येणारे बाष्प येथे डोंगरांना अडते, आणि कोरड्या गवताळ उताराच्या जागी शेवाळाने मढलेली झाडे, खोडांवर वाढलेली अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड, ऑर्किड आणि बारीक बांबूंची गर्दी दिसू लागते. ढग कधी खाली असतात, कधी आपणच त्यात असतो.

सायाक्मार्का कड्याच्या सोंडेवर वसलेले आहे आणि तेथे जाण्यास एकच अरुंद, उभा जिना आहे. सह्याद्रीतले गड पाहताना वर पोहोचल्याबरोबर आधी पाण्याची टाकी शोधायची ही आम्हा मराठी ट्रेकरांची सवय येथे कामी आली. डोंगराच्या बाजूने एक दगडी पन्हळ वस्तीत आणलेली दिसते आणि ती पाणी कुठून आणत असेल हे नजरेने मागे मागे शोधत जाता येते. त्यानंतर मात्र मी संपूर्ण दिवस पाण्याकडेच पाहत राहिलो. वाट जेथे दलदलीतून जाते तेथे दगडांचा भराव घालून ती उचलून घेतली आहे. जेथे ओहोळ आडवा येतो तेथे फरशीखालून मोरी काढून दिली आहे. वाटेच्या डोंगराकडील बाजूला पाण्याला वाट करून देणारा चर आहे. पाचशे-सहाशे वर्षांच्या पावसाने ही वाट धुऊन का नेली नाही, याचे उत्तर भिंतींत नसून या मोऱ्यांत आहे. एका ठिकाणी कड्यातली नैसर्गिक भेग रुंद करून बोगदा काढला आहे आणि त्यात पायऱ्या कोरल्या आहेत. इंकांकडे लोखंड नव्हते. काशाची अवजारे होती, पण दगड घडवण्याचे मुख्य साधन त्याहून टणक दगडांचे गोटे हेच होते.

दुपारनंतर फुयुपातामार्का आले. सुमारे 3,650 मीटर उंचीच्या या वस्तीत झऱ्याचे पाणी एका खाली एक अशा दगडी कुंडांतून खेळवले आहे आणि पाणी आजही त्याच क्रमाने वाहते. येथून जवळजवळ हजार मीटरची उतरण सुरू होते. पायऱ्या संपता संपत नाहीत. डावीकडे इंतिपाताचे उतारभर पसरलेले टप्पे दिसतात, पण पायांनी तोवर इतका निषेध नोंदवलेला असतो की फारसे कोणी तेथे रेंगाळत नाही.

विन्याय वाय्ना मात्र कोणीही चुकवू नये. तळापासून पाच-दहा मिनिटांवर, दरीच्या अंगाला, डोंगराच्या खोलगट कुशीत अर्धवर्तुळाकार पायऱ्या वरपासून खालपर्यंत उतरलेल्या आहेत. वरच्या आणि खालच्या बाजूला इमारतींचे दोन गट आहेत, त्यांना जोडणारा लांब जिना आहे आणि जिन्याला लागूनच कुंडांची ओळ उतरत जाते. पॉल फेयोस यांच्या मोहिमेने 1941 च्या सुमारास या जागेचा अभ्यास केला, म्हणजे माचू पिचू जगाला ठाऊक होऊन तीस वर्षे झाल्यावर. संध्याकाळच्या त्या वेळी तेथे आमच्याखेरीज मोजकीच माणसे होती. कोणी हटकत नव्हते, घाई करत नव्हते. मी खालच्या घरांपर्यंत उतरलो, एका खिडकीतून उरुबांबा पाहिली आणि प्रत्येक कुंडापाशी थांबत परत वर चढलो. संपूर्ण प्रवासातली माझी सर्वांत आवडती जागा हीच, माचू पिचूपेक्षाही.

चौथा दिवस: सूर्यद्वार आणि माचू पिचू

पहाटे चौकी उघडण्यापूर्वीच विजेऱ्या घेऊन रांग लागते. तेथून इंतिपुंकूपर्यंत, म्हणजे सूर्यद्वारापर्यंत, जंगलातली कडेकडेची वाट आहे आणि शेवटी हातांचा आधार घ्यावा लागेल असा एक उभा जिना. इंतिपुंकू सुमारे 2,745 मीटरवर आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा खाली सगळे पांढरे होते. तासाभराने धुके फाटले आणि आधी वायना पिचू या सुळक्याचे टोक, मग त्याच्या अलीकडचे नगर उघडे झाले.

माचू पिचू 2,430 मीटरवर आहे आणि ते पाचाकुती या इंका सम्राटाचे निवासस्थान मानले जाते. अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम 24 जुलै 1911 रोजी तेथे पोहोचला, तो मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याच्या सोबतीने, आणि वर त्याला शेती करून राहणारी कुटुंबे भेटली. त्याही आधी, 1902 साली, कुस्को भागातल्या आगुस्तिन लिसारागा याने तेथल्या भिंतीवर आपले नाव लिहिले होते. ‘शोध’ या शब्दाचा मान एकट्या बिंगहॅमला देणे म्हणूनच न्यायाचे नाही.

तीन दिवस मोऱ्या आणि कुंडे पाहिल्यावर या नगराकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. पाहणारे बहुतेक जण सूर्यमंदिराची गोलाई, तीन खिडक्यांचे मंदिर आणि इंतिवाताना शिळा यांच्यासमोर थांबतात. सूर्यमंदिराची एक खिडकी जूनमधल्या अयनदिनाच्या सूर्योदयाशी जुळवलेली आहे आणि ते काम पाहण्यासारखे आहेच. इंतिवातानाच्या कोपऱ्याचा एक टवका 2000 साली जाहिरातीच्या चित्रीकरणात क्रेन पडून उडाला, तोही दिसतो. पण मला थांबवले ते पाण्याने. डोंगरातल्या झऱ्यापासून 749 मीटर लांबीचा कालवा नगरात आणलेला आहे आणि त्याचे पाणी 16 कुंडांमधून क्रमाने उतरते. जलतज्ज्ञ केनेथ राइट यांनी अनेक वर्षे या व्यवस्थेचा अभ्यास केला आणि असा अंदाज मांडला की येथल्या बांधकामाचा सुमारे साठ टक्के भाग जमिनीखाली आहे: पाया, भराव, निचऱ्याचे थर. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या धारेवर नगर टिकले ते त्या न दिसणाऱ्या कामामुळे. ब्राझीलचे भूवैज्ञानिक रुआल्दो मेनेगात यांनी 2019 मध्ये दाखवले की नगर खडकातल्या भेगांच्या छेदांवर वसवलेले आहे. भेगांमुळे दगड आधीच तुटलेला मिळाला आणि पाण्यालाही मुरायला जागा मिळाली. दोन्ही अभ्यास एकमेकांना पूरक आहेत, आणि पाकायमायोपासून चालत आलेल्या माणसाला त्यांत नवल वाटत नाही, कारण हीच युक्ती त्याने वाटेवर पावलोपावली पाहिलेली असते.

आता नगरात ठरवून दिलेल्या मार्गांनीच फिरता येते, त्यामुळे आधीच्या दिवसांचा मोकळेपणा येथे नसतो. दुपारी बसने आग्वास कालियेंतेसला उतरलो आणि संध्याकाळच्या गाडीने ओल्यांताय्तांबोमार्गे कुस्कोला परतलो.

कुस्कोत

परतल्यावर एक सकाळ कासा कोंचा या संग्रहालयासाठी राखून ठेवावी. बिंगहॅमने 1912 च्या उत्खननात सापडलेल्या वस्तू अमेरिकेत येल विद्यापीठात नेल्या होत्या. त्या परत मिळवण्यासाठी पेरूला दीर्घकाळ झगडावे लागले आणि 2011 व 2012 मध्ये त्या परतल्या. मडकी, काशाच्या टाचण्या, दगडी अवजारे, सगळे रोजच्या वापरातले आहे, सोन्याचा लवलेश नाही. याच उत्खननातल्या मानवी अवशेषांवरून सुरुवातीला असे सांगितले गेले की येथे प्रामुख्याने सूर्याला वाहिलेल्या स्त्रिया राहत होत्या. जॉन वेरानो यांच्या नंतरच्या तपासणीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण साधारण सारखे निघाले आणि ती कल्पना मागे पडली. 2023 मध्ये 34 व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की नगरात दफन झालेली ही सेवक मंडळी साम्राज्याच्या दूरदूरच्या भागांतून, अगदी अमेझॉनच्या प्रदेशातूनही आलेली होती, आणि एका व्यक्तीचे नाते दुसरीशी क्वचितच जुळत होते. सम्राटाच्या या निवासात स्वयंपाक, विणकाम, धातुकाम करणारी ही माणसे इंकांच्याच रस्त्यांनी तेथवर आणली गेली असणार.